वाटाड्याची मजुरी आणि ज्ञानाची दक्षिणा

औषधी वनस्पतींची ओळख कोणाकडून करून घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या आचार्यांनी निःसंकोचपणे दिलेले आहे. रानात शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी हे वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. सुश्रुतानेही भूमिप्रविभागाच्या अध्यायात गोपालक, तापस, व्याध आणि कंदमुळांवर राहणारे वनचर यांच्याकडून औषधींची ओळख करून घ्यावी, असा निर्देश केला आहे. चरकाचार्य पुढे असेही बजावतात की, केवळ नाव-रूप जाणल्याने वैद्यत्व येत नाही. देश, काल आणि पुरुष पाहून योजना जाणणारा तोच खरा भिषक्. आपण वैद्य मंडळी या विवेचनाचा दुसरा भाग अभिमानाने सांगतो. पहिल्या भागाचे ऋण मात्र आपल्या स्मरणात क्वचितच असते. प्रस्तुत लेखाचा विषय हे ऋणच आहे.

सहलींचे नवे युग

गेल्या वीसेक वर्षांत वनौषधी-परिचय सहलींचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी द्रव्यगुण विभागाची वर्षातून एखादी सहल निघत असे, एस.टी.ची गाडी, डबे आणि सायंकाळी परत. आता डोंगरभ्रमंतीची मार्गदर्शित शिबिरे, आदिवासी वाड्यांतील दोन-तीन दिवसांचा मुक्काम, चुलीवरची नागलीची भाकरी, रात्री नृत्य आणि पहाटे रानवाटा असा सगळा बेत ठरलेला असतो. आपल्या अकोले तालुक्यातील पुरुषवाडीसारख्या गावाने ग्रामस्थांच्या सहभागातून पाहुण्यांना घरी उतरवून घेण्याची पद्धत रुजविली, आणि भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी होणारी गर्दी तर सर्वांनाच ठाऊक आहे. या ओघात वैद्यसंघटना, आयुर्वेद महाविद्यालये आणि फार्मसीचालकही सामील झाले आहेत. त्यात गैर काहीच नाही. दवाखान्यात बसून ज्याने केवळ चूर्णेच पाहिली, त्याने एकदा तरी गुळवेल झाडावर चढलेली पाहावी, हे मी स्वतः आग्रहाने सांगत आलो आहे. शिवाय पावसाळा संपून भात-नागली निघाली की, पुढचे महिने या वाड्यांत रोजगाराचे दुर्भिक्ष असते. पाहुण्यांमुळे घरात चार पैसे येतात, तरुणांना शहराकडे जावे लागत नाही, हाही लाभ लहान नाही.

माझा प्रश्न सहल करावी की नाही, हा नाहीच. सहलीत आपल्यापुढे चालणाऱ्या माणसाला आपण नेमके कशाचे मोल देतो, हा आहे.

दोन अनुभव

मी बी.ए.एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वर्गाची सहल सह्याद्रीच्या एका पठारावर गेली होती. आम्ही साठ विद्यार्थी होतो. प्रत्येकाने हर्बेरियमसाठी मुळासकट नमुने आणावेत, अशी आज्ञा होती. श्रावणातल्या त्या पठारावर काळ्या मुसळीची पिवळी फुले उमललेली होती. दुपारपर्यंत आम्ही ती जवळजवळ सारी उपटली. त्यातील बहुतेक नमुने पुढे बुरशी लागून फेकले गेले. आमच्यापुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या ठाकर वाटाड्याने काही बोलून दाखविले नाही. केवळ एकदा तो थांबला आणि म्हणाला, "आम्ही मुळी काढायची तं आदल्या सांजेला आवतान देतो, पोरांनो." आम्ही हसलो. चरकाच्या कल्पस्थानात औषधी ग्रहण करणाऱ्याने शुचिर्भूत होऊन, उपवास करून, देवतांचे पूजन करून मगच औषधी घ्यावी असे सांगितले आहे, हे आम्हाला परीक्षेपुरते पाठ होते. त्या वृद्धाच्या आवतणाशी त्याचा काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही.

दुसरा अनुभव अधिक बोचणारा आहे, कारण त्यात मी विद्यार्थी नसून आयोजक होतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बावीस वैद्य आणि फार्मसीचालक अकोले तालुक्यातील एका वाडीत दोन रात्री मुक्कामास होतो. राहणे, जेवण आणि वाटाड्या यांचे दर ठरलेले होते. आम्ही ते ठरल्याप्रमाणे चुकते केले. आमचे वाटाडे साठी ओलांडलेले गृहस्थ होते, सारी वाडी त्यांना बाबा म्हणे. दोन दिवसांत त्यांनी आम्हाला तीसेक वनस्पती दाखविल्या, त्यांची स्थानिक नावे सांगितली आणि सांधेदुखीवर त्यांच्या घरात चालत आलेला एक लेपही सांगितला. सर्वांनी वह्या भरल्या. दोन महिन्यांनी आमच्यातीलच एका फार्मसीचालकाने तोच लेप स्वतःच्या नावाने, 'आमच्या परंपरेतील' अशा जाहिरातीसह बाजारात आणला. ते पत्रक कोणीतरी वाडीतही नेऊन दिले.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. बाबा पुढे चालले, वाट दाखविली, निसरड्या जागी हात दिला. परंतु दोन दिवसांत त्यांनी एकाही वनस्पतीचे नाव सांगितले नाही. विचारले की, "आता आठवत न्हाय, डाक्टर," एवढेच उत्तर मिळे. तिसऱ्या खेपेस मी एकटाच गेलो, घडल्याबद्दल क्षमा मागितली आणि लेपाच्या विक्रीतून त्यांना काही रक्कम मिळवून देण्याचा प्रयत्न करतो, असे म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पैशाचं न्हाय, डाक्टर. त्या कागदावं माझ्या बापाचं नाव न्हाय. त्याच्याकडनं मला आलं ते."

आपण ग्रंथात प्रत्येक योगाच्या आधी आचार्यांचे नाव घेतो. आत्रेयाने अग्निवेशाला सांगितले, धन्वंतरीने सुश्रुताला सांगितले, ही परंपरा आपल्या अस्तित्वाचा पाया आहे. तोच न्याय या गृहस्थाने आपल्या पित्यासाठी मागितला होता, आणि आम्ही तो दिला नव्हता. आम्ही त्यांच्या पायांची मजुरी दिली होती, दोन दिवस चालण्याची. त्यांच्या ज्ञानाची दक्षिणा दिलीच नव्हती. इतकेच नव्हे तर, ती देणे लागते हेही आमच्या ध्यानी आले नव्हते.

अगस्त्यकूटाची वाट

हा प्रसंग एकट्या आमच्या वाडीचा नाही. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण केरळातील अगस्त्य पर्वतराजीत घडले, आणि त्यात आयुर्वेदाची फार्मसीही सहभागी होती, म्हणून ते प्रत्येक वैद्याने तपशिलाने जाणून घ्यावे.

१९८७ च्या डिसेंबर महिन्यात डॉ. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली वनस्पतिशास्त्रज्ञांचे एक पथक कणी या आदिवासी जमातीच्या वाटाड्यांना सोबत घेऊन त्या डोंगरात गेले होते. चढणीने शास्त्रज्ञ थकले, परंतु वाटाडे ताजेतवाने दिसत. ते अधूनमधून एका वनस्पतीची लहान फळे चघळत होते. शास्त्रज्ञांनी ती खाऊन पाहिली आणि त्यांनाही तरतरी जाणवली. वनस्पती कोणती, हे सांगण्यास वाटाडे प्रथम तयार नव्हते. जमातीत हे ज्ञान बाहेरच्यांना देण्याचा प्रघात नव्हता. अखेर आग्रहावरून त्यांनी ती दाखविली. तीच 'आरोग्यपच्चा', शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस.

पुढे तिरुअनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने या वनस्पतीच्या पानांवर संशोधन करून, अश्वगंधादी अन्य द्रव्यांच्या योगाने 'जीवनी' हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये त्याच्या निर्मितीचा परवाना कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी देण्यात आला. दहा लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन असा करार होता. यातील निम्मा वाटा कणी समाजाला देण्याचे संस्थेने ठरविले. १९९७ मध्ये कणींचा स्वतंत्र न्यास नोंदविला गेला आणि १९९९ मध्ये त्याच्याकडे पाच लाखांहून अधिक रक्कम सोपविण्यात आली. जैवविविधता कायदा आपल्याकडे २००२ मध्ये आला. कायद्याची सक्ती नसताना हे घडले, याचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यही होते.

परंतु या कथेची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. कणी जमातीत औषधज्ञान जपणारे जे परंपरागत वैद्य असतात, त्यांना प्लाथी म्हणतात. हे ज्ञान खासगी कंपनीला विकण्यावर १९९५ मध्ये काही प्लाथींनी थेट केरळच्या मुख्यमंत्र्यांकडे लेखी हरकत घेतली होती. सोबत चाललेल्या दोघा-तिघा वाटाड्यांनी सांगितले, म्हणजे समाजाने संमती दिली असे होते काय, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय वनस्पतीची लागवड करून पाने पुरविण्याच्या कामात वनविभागाच्या हरकती आल्या; रानातली झाडे उपटली जातील ही भीती होती. पैसा वाटण्यापूर्वी विचारायचे कोणाला आणि रोप वाचवायचे कसे, हे दोन प्रश्न वाटेवरच, पहिले फळ तोंडात घालताना विचारायचे होते. ते नंतर विचारले गेले, म्हणून त्यांची उत्तरे कठीण झाली.

आज त्याच अगस्त्यकूटावर केरळचा वनविभाग वर्षारंभीच्या महिन्यांत मर्यादित संख्येने मार्गदर्शित पदभ्रमंती घडवून आणतो आणि कणी वाटाडेच लोकांना घेऊन जातात. आपले अनेक वैद्यबंधू तेथे श्रद्धेने जातात. जाताना त्यांनी १९८७ ची ही हकीकत बरोबर न्यावी.

लिहिलेले आणि न लिहिलेले

एक गोष्ट आपल्या ध्यानी यावी. आपल्या संहितांतील ज्ञानाचे रक्षण करण्याचे साधन आज आपल्यापाशी आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते आपण लेखी पुरावे दाखवू शकलो म्हणून. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश उभा राहिला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या शास्त्रांतील ग्रंथोक्त योग त्यात नोंदले गेले. बाबांचा लेप कोणत्याही ग्रंथात नाही. तो त्यांच्या जिभेवर आणि हातांत आहे. त्याचा पुरावा नाही, म्हणून त्याचे अपहरण सर्वांत सोपे.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. जैवविविधता अधिनियमाची २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तीत संहितीकृत पारंपरिक ज्ञानाच्या वापराला आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना काही सवलती मिळाल्या. आपल्यातील काहींनी त्याचा अर्थ 'आता आपणांस सारे मोकळे' असा घेतला आहे. तसे नाही. ग्रंथात नसलेले, वाडीत कानावर पडलेले ज्ञान घेऊन व्यापारी उत्पादन काढणाऱ्या फार्मसीला ही ढाल पुरणार नाही. त्यापूर्वी, २०१८ मध्ये, उत्तराखंड उच्च न्यायालयाने देशी कंपन्यांनाही लाभवाटपाचे दायित्व असल्याचा निवाडा दिला होता, तोही फार्मसीचालकांनी विसरू नये. तसेच वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर वननिवासी समाजाचा सामूहिक हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. वाटाड्याने सांगितले ते 'कोणाचेच नव्हते', ही भूमिका आता न्यायाने टिकत नाही आणि कायद्यानेही टिकत नाही.

आक्षेपांचा विचार

या विषयावर आमच्या शाखेच्या बैठकीत चर्चा झाली, तेव्हा काही आक्षेप पुढे आले. ते उपेक्षणीय नाहीत.

पहिला आक्षेप असा की, आयुर्वेदाने वनवासींकडून सहस्रावधी वर्षे ज्ञान घेतले. तेव्हा कोणी दक्षिणा मोजली? मला वाटते, तेव्हाचा वैद्य त्याच परिसरात राहत होता. त्या गुराख्याचा ताप त्यालाच उतरवायचा होता. देवाणघेवाण आयुष्यभर चाले. आपण मात्र शनिवारी जातो आणि रविवारी परततो. नाते नाही, केवळ घेणे आहे; म्हणून ते मोजून चुकते करणे भाग आहे.

दुसरा आक्षेप असा की, ज्ञानाला पैसे देऊ लागलो तर वाटाडे मनाला येईल ते योग रचून सांगतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच दक्षिणा सांगितलेल्या योगांच्या संख्येवर नसावी. शिकविण्यात गेलेल्या दिवसासाठी असावी. आणि ऐकलेला प्रत्येक योग लगेच रुग्णावर वापरण्याची घाई आपण करूच नये. ग्रंथोक्त आधार, द्रव्याची निश्चिती, विषाक्ततेची तपासणी ही आपली जबाबदारी आहे. चरकाचार्यांच्या विवेचनाचा दुसरा भाग तेथेच लागू पडतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा होता: सहलीचा खर्च वाढेल. वाढेल, हे खरे. परंतु बावीस जणांच्या सहलीत प्रत्येकी एका जेवणाच्या खर्चाएवढी ही वाढ आहे. आपण शहरातील परिसंवादाला व्याख्यात्याचे मानधन आणि प्रवासखर्च देतो. दोन दिवस तीस वनस्पती शिकविणाऱ्या माणसाला व्याख्याता मानण्यास आपल्याला जड का जावे?

संघटनेपुढे सूचना

आमच्या शाखेने गेल्या दोन सहलींत ज्या गोष्टी पाळल्या, त्या येथे विचारार्थ मांडतो.

वाटाड्याचा रोज आणि जाणकाराचे मानधन हे वेगळे मोजावे. दोन्ही एकाच व्यक्तीला मिळाले तरी हिशेबात दोन स्वतंत्र नोंदी असाव्यात. त्यामुळे आपण कशाचे मोल देतो, हे आपल्यालाही कळते आणि त्यालाही.

सहलीपूर्वी ग्रामसभेला किंवा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र द्यावे. काय पाहणार, काय लिहून घेणार आणि त्याचे काय करणार, हे त्यात स्पष्ट असावे. ध्वनिमुद्रण वा छायाचित्रण विचारल्याखेरीज करू नये. घेतलेल्या टिपणांची मराठीत स्वच्छ प्रत गावाला द्यावी, म्हणजे लोकजैवविविधता नोंदवहीत ती त्यांच्या नावाने नोंदता येईल.

मुळे उपटू नयेत. प्रत्येक तुकडीमागे एकच हर्बेरियम नमुना, तोही परवानगीने. बाकीच्यांनी छायाचित्र घ्यावे. अभयारण्यातून वनस्पती काढणे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार निषिद्धच आहे. लघुपंचमुळासारख्या ज्या वर्गाचे मूळच औषध, त्याबाबत विशेष संयम हवा. नरक्या आणि सर्पगंधा यांची मागणीमुळे झालेली वाताहत आपल्या डोळ्यांसमोर आहे.

एखादा योग लेखात वा व्याख्यानात सांगायचा असल्यास सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि त्याच्या इच्छेनुसार त्याचे, त्याच्या गुरूचे वा समाजाचे नाव द्यावे. उत्पादन काढायचे असेल, तर लेखी करार आणि राज्य जैवविविधता मंडळाची प्रक्रिया यांना पर्याय नाही.

शेवटी फार्मसीचालकांना विशेष विनंती. वाडीत पाहुणे म्हणून जाता, तर ग्राहक म्हणूनही जा. अकोले, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे उन्हाळ्यात हिरडा वेचून वाळवितात. तो अनेक हातांतून फिरून तुमच्या कारखान्यात येतो तेव्हा वेचणाऱ्याच्या हाती त्यातले थोडेच उरलेले असते. बाळहिरडा थेट गावाकडून रास्त दराने घेतला, तर द्रव्याची शुद्धताही कळते आणि सहलीतील आदर केवळ शब्दांचा राहत नाही.

उपसंहार

गेल्या वर्षीच्या सहलीत बाबा आले नाहीत; गुडघे धरले होते. त्यांच्याऐवजी बारावी झालेला नातू आला. त्याला वाट पाठ होती, छायाचित्रासाठी कोठे उभे राहावे हेही ठाऊक होते, परंतु टेटूची शेंग दाखवून विचारले, तेव्हा तो लाजून म्हणाला, "आज्याला म्हायती, सर. मी कधी इचारलंच न्हाय." आमच्या हिशेबवहीत तोवर या कामाला किंमतच नव्हती, मग त्याने ते का विचारावे? त्या सायंकाळी आम्ही बाबांच्या पडवीत बसलो. मानधनाचे पाकीट नातवासमोर त्यांच्या हाती दिले आणि पत्रकाची गोष्ट पुन्हा एकदा, या वेळी सर्वांसमक्ष, सांगून क्षमा मागितली. बाबांनी पाकीट बाजूला ठेवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग नातवाला म्हणाले, "उद्या सकाळी तू पण चल. मी बसून सांगतो, तू तोडू नको, नुसता बघ."

सकाळी अंगणाच्या कडेला ते खुर्चीवर बसले आणि आम्ही सर्व जण त्या मुलाबरोबर कुंपणाच्या वनस्पतींपासून आरंभ केला. आमच्या वह्या उघड्या होत्या. पहिल्या ओळीवर त्यांच्या वडिलांचे नाव लिहावे, असे त्यांनी सांगितले. ते आम्ही लिहिले.